बाधिताचा हातही देणारा असतो

एड्स म्हटले की आजही शेजारीपाजारी कुजबुज सुरू होते. त्या माणसाची कपबशी वेगळी ठेवली जाते. विटाळ म्हणजे काय, हे आपल्या घरांना कोणी समजावून सांगायला नको. म्हणूनच पुढील हकीकत आम्ही मुद्दाम देत आहोत.

अमेरिकेतील निना मार्टिनेझ या १९८३ साली तान्ह्या असताना त्यांना रक्त द्यावे लागले. त्या रक्तातून एच.आय.व्ही.ची लागण झाली. पुढे नियमित औषधे घेऊन त्या धडधाकट राहिल्या. ओळखीतल्या एकाला किडनीची गरज होती. आपली द्यावी, असे त्यांनी ठरवले. पण शस्त्रक्रियेआधीच ती व्यक्ती वारली. तरीही बाईंनी निश्चय सोडला नाही. २५ मार्च २०१९ रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात त्यांची किडनी एका अनोळखी बाधित रुग्णाला देण्यात आली. एच.आय.व्ही. असून जिवंतपणी किडनी देणाऱ्या अमेरिकेतील त्या पहिल्याच. तेव्हा त्यांचे वय ३५ होते.

हे आधी का घडले नाही? कारण १९८८ पासून तिथे कायद्यानेच बंदी होती. त्या काळी भीती खरी होती, प्रभावी औषधे नव्हती. पुढे औषधे आली, पण बंदी मात्र २०१३ पर्यंत उठली नाही.

वाट दाखवली ती दक्षिण आफ्रिकेने. तिथे सरकारी रुग्णालयांत डायलिसिसची सोय अपुरी. बाधितांना तर ती मिळणे फारच कठीण. २००८ साली केप टाउनच्या ग्रूट शूर रुग्णालयात डॉ. एल्मी म्युलर यांनी मृत बाधितांच्या किडन्या बाधित रुग्णांना बसवल्या. एरवी त्या किडन्या वायाच गेल्या असत्या. अमेरिकेत अशा १९८ बाधित रुग्णांचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी निम्म्यांना बाधितांची किडनी मिळाली होती, निम्म्यांना इतरांची. दोन्हीकडचे रुग्ण सारखेच जगले.

एक गोष्ट मात्र नीट ध्यानात घ्यावी. बाधिताची किडनी बाधितालाच देतात, तीही दोघांची कसून तपासणी करून. रक्तदान बाधिताने करायचे नाही.

वाचकहो, एका पंगतीत जेवल्याने किंवा कपबशीने हा रोग पसरत नाही. ज्याला आपण दूर बसवतो, तोच उद्या कुणाचा जीव वाचवू शकतो. आपल्या घरात, चाळीत असा कोणी असेल, तर त्याची औषधे चुकू देऊ नका आणि जेवताना त्याला आपल्या शेजारी बसवा.