दोन नगरांचे सांडपाणी

एखादे शहर पाहून परत आलेल्या मनुष्यास ‘शहर कसे वाटले?’ असे विचारले, तर तो बहुधा तेथील रस्त्यांचे, उद्यानांचे व उंच इमारतींचे वर्णन करू लागतो. तेथील सांडपाणी कोठे जाते, हे पाहावयास तो गेलेलाच नसतो. त्यात त्याचा फारसा दोष नाही. कारण शहरे आपली ही बाजू पाहुण्यांच्या दृष्टीआडच ठेवतात. परंतु भोवतालच्या निसर्गाला न ओरबाडता एखादे शहर पिढ्यान् पिढ्या नांदू शकेल की नाही, हे ठरवावयाचे असेल, तर उद्यानांपेक्षा गटारांची विचारपूस करणे अधिक उपयोगी पडते. शहर बाहेरून काय घेते आणि बाहेर काय टाकते, हा खरा हिशेब होय. तो मांडून पाहण्यासाठी आशिया खंडातील दोन शहरे आपण शेजारी शेजारी ठेवू. एक सिंगापूर आणि दुसरे कोलकाता.

सिंगापूर हे मलाया द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाशी असलेले एक लहानसे बेट. तेच नगर आणि तेच राष्ट्र. येथे वर्षाकाठी सुमारे २४०० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ मुंबईइतकाच पाऊस पडतो. मग पाण्याची वाण का असावी? कारण असे की, बेटावर मोठी नदी नाही, नैसर्गिक सरोवर नाही आणि पडलेले पाणी साठवावयास जागाही नाही. त्यामुळे शेजारच्या मलेशियातील जोहोर राज्यातून नळाने पाणी आणावे लागते. त्यासाठी १९६२ साली झालेला करार २०६१ साली संपणार आहे. पाण्यासाठी नेहमी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहणे कोणत्याही राष्ट्रास मानवत नाही. म्हणून सिंगापूरने दोन गोष्टी केल्या. बेटाच्या सुमारे दोन-तृतीयांश भूमीवर पडणारे पावसाचे पाणी पन्हळी व कालवे यांच्या वाटे जलाशयांत आणून सोडले. आणि २००३ सालापासून सांडपाणीच शुद्ध करून पुन्हा वापरण्यास प्रारंभ केला.

हे ऐकून तुमच्यापैकी काही जण नाक मुरडतील. पण ते पाणी कसे तयार होते, ते तरी पाहा. प्रथम नेहमीच्या रीतीने घाण निवळून घेतात. नंतर अतिशय बारीक छिद्रांच्या गाळण्यांतून ते पाणी जाते. तेथे बहुतेक जंतू अडकतात. त्यानंतर मोठ्या दाबाने ते अशा पडद्यांतून ढकलतात, की ज्यांतून पाण्याचे कण पार होतात, पण विरघळलेले क्षार व रसायने मागे राहतात. शेवटी त्यावर अतिनील किरण सोडतात. या पाण्याला तेथे ‘न्यूवॉटर’ म्हणतात. ते मुख्यत्वे कारखान्यांना पुरविले जाते आणि काही भाग जलाशयांत मिसळला जातो. देशाच्या गरजेपैकी ४० टक्क्यांपर्यंत पाणी यातून मिळू शकते. मात्र पडद्यांतून पाणी ढकलावयास पुष्कळ वीज लागते, आणि सिंगापूरची वीज जवळजवळ सगळी बाहेरून आणलेल्या नैसर्गिक वायूवर तयार होते. पाण्याचे परावलंबन कमी झाले, पण त्याचा थोडा भार वायूवर पडला, असे म्हणावे लागेल.

आता कोलकात्याकडे वळू. या शहराच्या पश्चिमेस हुगळी नदी वाहते. कोणासही वाटेल की सांडपाणी तिकडेच जात असेल. पण जमिनीचा उतार आहे पूर्वेकडे! म्हणून इंग्रजांच्या काळात ते पूर्वेच्या खाऱ्या दलदलीकडे नेण्यात आले. या दलदलीत विद्याधरी नदीतून भरतीचे पाणी येत असे. पुढे ती नदी गाळाने भरली आणि १९२८ साली मृत म्हणून जाहीर झाली. खारे पाणी बंद झाल्यावर तेथील मत्स्यपालकांनी आपल्या तळ्यांत शहराचे सांडपाणी बेताबेताने सोडून पाहिले. मासे मरतील असे वाटले होते. ते पोसू लागले.

यात जादू नाही. या तळ्यांना तेथे ‘भेडी’ म्हणतात. त्यांचे पाणी मनुष्याच्या कमरेहून फारसे खोल नसते. त्यामुळे ऊन बरेच आत शिरते. उन्हात सूक्ष्म हिरवे शेवाळ वाढते व पाण्यात प्राणवायू सोडते. त्या प्राणवायूवर जगणारे जीवाणू घाणीचे विघटन करतात. रोगजंतू उन्हाने पुष्कळसे मरतात. शेवाळ मासे खातात, आणि मत्स्यतळ्यांतून निघालेले पाणी भातशेतीला जाते. सिंगापूरमध्ये जे काम यंत्रे करतात, ते येथे सूर्य, शेवाळ आणि मासे मिळून करतात, आणि विजेचे देयक कोणी पाठवीत नाही. तेथील सरकारी सेवेतील अभियंता ध्रुवज्योती घोष हे १९८०च्या सुमारास सांडपाण्याचा माग काढीत या तळ्यांपर्यंत पोहोचले. त्यांनी या प्रदेशाचा नकाशा तयार केला व अडाणी समजल्या गेलेल्या मत्स्यपालकांचे हे शास्त्र जगापुढे मांडले.

मग दोहोंत अधिक चांगले शहर कोणते? उत्तम नगरांच्या याद्या प्रसिद्ध होतात, त्यांत सिंगापूरला बहुधा वरचे स्थान मिळते. कोलकाता तेथे सहसा आढळत नाही. पण याद्या करणारे मत्स्यतळी मोजतात काय, हा प्रश्नच आहे. उलट कोलकात्याची रीत सिंगापूरने उचलावी, असेही म्हणता येणार नाही. कोलकात्याच्या पूर्वेचा हा पाणथळ प्रदेश सुमारे १२५ चौरस किलोमीटरांचा आहे. सिंगापुरात तेवढी जागा द्यावयाची, तर देशाचा सुमारे सहावा हिस्सा पाण्याखाली जाईल! शिवाय न्यूवॉटर पिण्याइतके शुद्ध असते. तळ्यांतून निघालेले पाणी शेतीपुरते. आणि चामड्याच्या कारखान्यांतून क्रोमियमसारखा धातू सांडपाण्यात उतरला, तर ऊन त्याला नष्ट करू शकत नाही.

तरीही कोलकात्याची तळी आज ज्या धोक्यात आहेत, तो धातूंपेक्षा मोठा आहे. १९६० नंतरच्या दशकात हुगळीचा गाळ आणून अशाच दलदलीचा उत्तर भाग भरण्यात आला व तेथे विधाननगर वसले. शहराला जागा हवी होती, हेही खरे. पुढे १९९२ साली उच्च न्यायालयाने उरलेल्या पाणथळीस संरक्षण दिले आणि २००२ साली रामसर कराराखाली तिला आंतरराष्ट्रीय महत्त्व मिळाले. परंतु कडेकडेने भराव टाकणे थांबलेले नाही. घरासाठी एक तळे बुजले, की ते जेवढे सांडपाणी फुकट शुद्ध करीत होते, तेवढ्यासाठी शहराला यंत्रे विकत घ्यावी लागतील.

अजून तरी पहाटे त्या तळ्यांत जाळी पडतात. रोहू, कटला, मृगळ यांनी भरलेली पातेली डोक्यावर व सायकलींवर बाजाराकडे निघतात, आणि ज्या शहराच्या गटारांवर ती मासळी वाढली, त्याच शहराच्या स्वयंपाकघरांत दुपारपर्यंत पोहोचते.