काळं तेल, आपला समुद्र

माझ्या जुन्या डिझेल इंडिकाचं इंजिन ऑइल मी शिवाजी पार्कात, आमच्या बिल्डिंगखाली स्वतःच बदलते. तेल काळं म्हणजे खराब, असं शेजारच्या वहिनींना वाटतं. तसं नाही हो! डिझेलच्या काजळीनं नवं तेलही चार दिवसांत काळं होतं. रंग नको, पुस्तिकेतले किलोमीटर बघा.

इंजिन थोडं गरम करून बंद करायचं, हातमोजे घालून खालचा नट सोडायचा, तेल घमेल्यात उतरवायचं. फिल्टर बदलून, नट आवळून नवं तेल भरायचं. डिपस्टिकवर पातळी तपासायची. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली मात्र शिरू नका.

आणि जुनं तेल? २०१६च्या नियमांनुसार तो घातक कचरा. गटारात ओतलंत, तर पावसाच्या पाण्याबरोबर समुद्रात जाईल. घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, पुनर्प्रक्रियेला पाठवणाऱ्या गॅरेजलाच द्या. चौपाटीवर पोरं आपलीच खेळतात ना!