लहान मोटारसायकल चालविणे खरोखरच सोपे असते का?

देशातील बहुसंख्य तरुण मोटारसायकल चालवायला शिकतात ते शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीवर. पुढे नोकरी लागते, हाती थोडा पैसा येतो, लांबच्या प्रवासाची हौस निर्माण होते आणि साडेतीनशे, साडेचारशे किंवा त्याहून मोठ्या इंजिनाची गाडी दारात उभी राहते. अशा वेळी घरातील वडीलधारी मंडळी सांगतात की लहान गाडी हलकी, म्हणून सोपी आणि सुरक्षित. मित्रमंडळींचे म्हणणे नेमके उलट असते. मोठी गाडी रस्त्यावर स्थिर राहते, त्यामुळे तीच चालविण्यास सोपी, असे ते छातीठोकपणे सांगतात.

हा वाद केवळ हौशी मंडळींपुरता मर्यादित नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 या वर्षात देशात रस्ते अपघातांमध्ये 1,68,491 जणांचा मृत्यू झाला आणि त्यांपैकी सुमारे 44.5 टक्के लोक दुचाकीवरील होते. आपल्या आवाक्यातील गाडी कोणती, हा प्रश्न त्यामुळे गांभीर्याने घेण्याजोगा आहे.

वस्तुस्थिती अशी की दोन्ही बाजूंचे म्हणणे अर्धेच खरे आहे. मोटारसायकलचा सोपेपणा हा तिच्या इंजिनाच्या आकाराचा गुण नसून तो वेगानुसार बदलत जातो. चालण्याच्या गतीला जी गाडी अवघड वाटते, तीच ताशी 70 किलोमीटरला सोपी वाटू शकते. याच्या उलटही घडते.

उभ्या गाडीचा भार

प्रथम थांबलेल्या किंवा अगदी संथ चालणाऱ्या गाडीचा विचार करू. 1994 मध्ये बाजारात आलेल्या आणि आजही खेड्यापाड्यांत सर्वत्र दिसणाऱ्या स्प्लेंडर मालिकेतील गाडीचे वजन साधारण 112 किलो भरते. रॉयल एनफिल्डच्या क्लासिक 350 चे वजन 195 किलोच्या आसपास आहे. होंडाची गोल्ड विंग टूर ही 1,833 सीसीची प्रवासी गाडी तर पावणेचारशे किलोंच्याही पुढे जाते. गाडी सरळ उभी असेल तोवर हे सर्व वजन चाकांवर असते व स्वाराला त्याची जाणीवही होत नाही. ती थोडी कलली की त्यातील काही भार स्वाराच्या पायावर येतो. गुरुत्वमध्याची उंची आणि कल सारखाच धरला तर गोल्ड विंगचा हा भार स्प्लेंडरच्या तिपटीहून अधिक होतो. हलकी गाडी पाय रोवून सावरता येते. जड गाडी ठराविक मर्यादेपलीकडे कलली की ती सोडून देण्यावाचून गत्यंतर नसते, आणि ती मर्यादा फार लवकर येते.

तथापि केवळ वजनाचा आकडा पाहून निष्कर्ष काढणे योग्य नाही. गोल्ड विंगच्या आसनाची उंची 745 मिलिमीटर आहे, म्हणजे 785 मिलिमीटर उंचीच्या स्प्लेंडरपेक्षाही कमी. तिच्या इंजिनातील सहा सिलिंडर दोन्ही बाजूंना आडवे मांडलेले असल्याने गुरुत्वमध्यही खाली राहतो. मध्यम उंचीच्या व्यक्तीचे दोन्ही पाय जमिनीवर पूर्ण टेकतात. याउलट 2023 च्या अखेरीस आलेली हिमालयन 450 ही गाडी वजनाने क्लासिक 350 इतकीच, म्हणजे 196 किलो, असली तरी तिचे आसन 825 मिलिमीटरवर आहे आणि 17 लिटरची टाकी भरली की बारा-साडेबारा किलो पेट्रोल उंचावर येऊन बसते. सव्वापाच फूट उंचीच्या स्वाराला क्लासिक सहज पेलेल, परंतु सिग्नलवर हिमालयन थांबविताना त्याची एकच टाच अधांतरी आणि दुसऱ्या पायाचा फक्त चवडा जमिनीला लागेल. खड्डा नेमका त्या पायाखाली आला तर काय होईल, हे सांगण्याची आवश्यकता नाही. उंचीने कमी असलेल्या अनेक स्त्री-पुरुषांना मोटारसायकलची जी भीती वाटते, ती बहुधा इंजिनाची नसून आसनाच्या उंचीची असते.

शहरातील प्रवास हा असा संथ गतीचाच असतो. गर्दीतून वाट काढणे, अरुंद गल्लीत गाडी वळविणे, वाहनतळावर मागे ढकलणे या सर्व कामांत लहान गाडी निर्विवादपणे सोपी आहे. येथे चर्चेला फारसा वाव नाही.

वेग वाढल्यानंतर

गाडीने ताशी वीस-पंचवीस किलोमीटरचा वेग ओलांडला की चित्र बदलू लागते. पुढच्या चाकाची तिरकी मांडणी आणि फिरत्या चाकांचा स्वभाव यांमुळे गाडी स्वतःच स्वतःला सावरू लागते. तोल राखण्याचे काम स्वाराकडे जवळपास उरत नाही. या वेगाला वळण घेण्याची रीतही वेगळी असते. डावीकडे वळायचे असेल तर डाव्या मुठीला क्षणभर पुढे ढकलावे लागते. चाक किंचित उजवीकडे जाते, गाडी डावीकडे कलते आणि वळते. हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटेल, परंतु मोटारसायकल चालविणारा प्रत्येक जण नकळत हेच करीत असतो. दोन चाकांमधील अंतर स्प्लेंडरमध्ये 1,236 मिलिमीटर, क्लासिक 350 मध्ये 1,390 आणि गोल्ड विंगमध्ये 1,695 मिलिमीटर आहे. अंतर जितके अधिक, तितकी गाडी आपली दिशा सोडण्यास नाखूष. म्हणूनच महामार्गावर लांब व जड गाडी शांत वाटते आणि बाजूने ट्रक गेल्यावर हलकी गाडी थरथरते. मात्र अचानक समोर जनावर आले तर ती नाखुशी अडचणीची ठरते. लहान गाडी चटकन बाजूला घेता येते, मोठ्या गाडीला मुठीवर जाणीवपूर्वक जोर द्यावा लागतो.

दुपदरी रस्त्यावर खरी कसोटी लागते ती पुढच्या वाहनाला मागे टाकताना. समजा, एक ट्रक ताशी 60 किलोमीटरने चालला आहे आणि सुरक्षित अंतर धरून त्याच्यापुढे जाण्यासाठी त्याच्या तुलनेत 40 मीटर अधिक कापावे लागणार आहेत. 70 च्या वेगाने जाणाऱ्या गाडीला यासाठी सुमारे साडेचौदा सेकंद लागतील आणि तेवढ्या वेळात ती रस्त्याची 280 मीटर लांबी समोरून येणाऱ्यांच्या बाजूने पार करील. 90 च्या वेगाला हेच काम पाच सेकंदांच्या आत, 120 मीटरमध्ये उरकते. सुमारे आठ अश्वशक्तीच्या इंजिनापाशी 70 च्या पुढे फारशी ताकद शिल्लक नसते. मागे कोणी बसलेले असेल तर ती आणखी घटते. लहान गाडीवरून लांबचा प्रवास करताना होणारी दमछाक ही बरीचशी या हिशोबातून आलेली असते.

ओझ्याचाही विचार करावयास हवा. सत्तर किलोंच्या दोन व्यक्ती आणि वीस किलो सामान मिळून 160 किलो होतात. 112 किलोंच्या गाडीवर हा भार तिच्या स्वतःच्या वजनाहून जवळपास दीडपट होय. तिचे ब्रेक, तिचे स्प्रिंग, तिचे अरुंद टायर या सर्वांची वागणूक त्यामुळे पालटते. एकट्याने चालविताना खेळण्यासारखी वाटणारी गाडी घाट उतरताना ओळखू येत नाही. मोठ्या प्रवासी गाडीला तेच 160 किलो फारसे जाणवत नाहीत.

याचा अर्थ मोठी गाडी निर्धोक, असा मुळीच नव्हे. तिचा मोठा दोष म्हणजे ती वेग लपविते. 60 वरून 90 वर गेल्याचे स्वाराला कळतही नाही, पण थांबताना ब्रेकना सव्वादोन पट ऊर्जा जिरवावी लागते. 2019 पासून 125 सीसीपेक्षा मोठ्या सर्व नव्या मोटारसायकलींना एबीएस अनिवार्य आहे, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. शिवाय आपल्याकडे मोठ्या गाडीचे गुण दाखविण्यास रस्तेही मर्यादितच आहेत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि समृद्धी महामार्गावर दुचाकींना प्रवेशच नाही. पंचवीस लाखांची गाडी असली तरी पुण्याला जायचे ते जुन्या महामार्गानेच.

लडाखचा अपवाद

हिमालयात तर सगळीच गणिते उलटीपालटी होतात. 5,359 मीटर उंचीच्या खार्दुंग ला येथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. इंजिनाला प्राणवायू कमी मिळतो आणि त्याची शक्तीही त्याच प्रमाणात घटते. फ्युएल इंजेक्शनमुळे इंधन व हवेचे मिश्रण बिघडत नाही, परंतु गमावलेली ताकद परत मिळत नाही. आठ अश्वशक्तीची गाडी चारवर येते आणि दोघांना घेऊन चढ चढताना पहिल्या गिअरमध्येही कुंथते. तरीही दरवर्षी शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांवरून अनेक जण तेथे जाऊन सुखरूप परततात, बहुतेक एकेकटे आणि मोजक्या सामानानिशी. मनाली-लेह मार्गावरील गाटा लूप्सची 21 वळणे किंवा वितळलेल्या बर्फाचे नाले ओलांडताना हलकी गाडी पडली तर एकट्याने उचलता येते. विरळ हवेत दोनशे किलोंची गाडी उचलताना धडधाकट माणसालाही धाप लागते.

या सर्व फरकांची दखल आपला परवाना मात्र घेत नाही. मोटार वाहन अधिनियम 1988 नुसार गिअर असलेल्या मोटारसायकलींसाठी एकच वर्ग आहे. वयाची 18 वर्षे पूर्ण झालेल्या तरुणाने शंभर सीसीच्या गाडीवर आठचा आकडा काढून दाखविला की त्याला 1,800 सीसीची गाडीही कायदेशीरपणे चालविता येते. युरोपीय संघात 2013 पासून लागू असलेल्या नियमांनुसार परवान्याच्या पायऱ्या आहेत. पहिली पायरी 125 सीसी व 11 किलोवॅटपर्यंत, दुसरी 35 किलोवॅटपर्यंत आणि त्यानंतर अमर्याद. जपानमध्ये 400 सीसीच्या वरील गाड्यांसाठी निराळा परवाना घ्यावा लागतो. आपल्या देशात अशा पायऱ्या आणणे प्रशासनाला कितपत झेपेल, हा वेगळा विषय आहे. तूर्त ही चाचणी ग्राहकाने स्वतःच घ्यावयाची आहे.

ती दुकानातच घेता येते. दोन्ही पाय टेकतात का, साईड स्टँडवरून गाडी एका दमात सरळ होते का, मागे सहप्रवासी बसवून चालण्याच्या गतीने पूर्ण वळसा घेता येतो का, हे पाहावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गाडी सौम्य चढावर मागे ढकलून पाहावी. धाब्यासमोर उताराकडे तोंड करून लावलेली दोनशे किलोंची गाडी निघताना हलत नाही, तेव्हा मदतीला चार माणसे गोळा करावी लागतात. होंडाने 1988 च्या मॉडेलपासून गोल्ड विंगला मागे जाण्याची सोय दिली आहे, ती याच कारणाने. इतर गाड्यांच्या स्वारांनी आधीच चढाकडे तोंड करून, पहिल्या गिअरमध्ये गाडी लावलेली बरी.