जीए मिळाली म्हणजे सगळं फुकट?

अमेरिकेत एमएसला गेलेल्या मुलाचा सप्टेंबरअखेरीस घरी फोन येतो, "बाबा, ऑफर लेटरमध्ये लिहिलाय तेवढा पगार जमाच झाला नाही." बाबांनी तोवर सोसायटीत पेढे वाटलेले असतात.

टीए म्हणजे शिकवणारा, आरए म्हणजे संशोधनात हातभार लावणारा, हे आता आपल्याकडे पाठ झालंय. तिसरी जात कार्यालयीन साहाय्यकांची. त्यांना अनेक विद्यापीठांत नुसतं जीए, म्हणजे ग्रॅज्युएट असिस्टंट, म्हणतात. त्यांच्याबद्दल माहिती कमी आणि मतं मात्र ठाम.

गैरसमज: जीएमुळे ट्यूशन माफ झाली म्हणजे ती शिष्यवृत्तीच. तिच्यावर कसला कर?

त्या फोनचं उत्तर इथेच आहे. अमेरिकेच्या आयकर कायद्यातलं कलम ११७ पदव्युत्तर विद्यार्थ्याची ट्यूशन माफी करमुक्त धरतं, पण तो शिकवत किंवा संशोधन करत असेल तरच. प्रवेश विभागात अर्ज तपासणारा किंवा वसतिगृह कार्यालयात खोल्या वाटणारा या दोन्हींत बसत नाही. त्याच्यासाठी बरीच विद्यापीठं कलम १२७चा आधार घेतात: मालकाने नोकरदाराच्या शिक्षणाला केलेली मदत वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत करमुक्त. हा आकडा १९८६ मध्ये ठरला आणि जवळजवळ चाळीस वर्षं जागचा हलला नाही. समजा, वर्षभरात २०,००० डॉलर माफ झाले, तर उरलेले १४,७५० डॉलर पगारासारखेच उत्पन्नात धरले जातात. हे पैसे विद्यार्थ्याच्या हातात कधी आलेलेच नसतात, पण त्यांच्यावरचा कर त्याच्या खऱ्याखुऱ्या पगारातून कापला जातो. एकाच खोलीत राहणारा टीए मित्र तेवढ्याच माफीवर एक सेंटही भरत नाही. मला हा भेद अन्यायाचा वाटतो, पण ऑफर स्वीकारण्याआधी "ट्यूशन वेव्हरवर, म्हणजे या माफीवर, कर लागतो का, आणि कोणत्या महिन्यात कापता?" एवढं विचारलं तर निदान घरभाड्याच्या वेळी धाप लागत नाही.

थोडा दिलासाही आहे. भारत-अमेरिका कर करारातल्या कलम २१ मुळे भारतीय विद्यार्थ्याला १०४०-एनआर हा कराचा फॉर्म भरताना स्टँडर्ड डिडक्शन घेता येतं. बहुतेक इतर देशांच्या अनिवासी विद्यार्थ्यांना ते मिळत नाही. शिवाय सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर मिळून होणारे ७.६५ टक्के एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याकडून साधारण पहिली पाच कॅलेंडर वर्षं कापायचे नसतात. स्लिपवर ते दिसले तर संकोच न करता पेरोलच्या खिडकीवर जावं. चुका तिथेही होतात.

गैरसमज: फीमाफी म्हणजे सगळीच फी माफ.

घोळ आपल्या शब्दातच आहे. मराठीत सगळ्याला 'फी'च. तिथे ट्यूशन वेगळी आणि 'फीज' वेगळ्या: तंत्रज्ञान, व्यायामशाळा, बस, आंतरराष्ट्रीय विद्यार्थी म्हणून काही, वर आरोग्य विमा. माफ होते ती बहुधा ट्यूशन. शिवाय प्रत्येक अभ्यासक्रमाला ती माफी लागू असतेच असं नाही. इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शँपेनच्या आवारात २५ टक्के नेमणुकीवर, म्हणजे आठवड्याला दहा तासांच्या कामावरही, माफी मिळते. पण काही अभ्यासक्रम त्यातून वगळलेले आहेत.

गैरसमज: पैसे कमी पडले तर आणखी तास घेता येतात.

नाही. सत्र चालू असताना एफ-१वर कॅम्पसमध्ये आठवड्याला २० तास, आणि ही मर्यादा सगळी कामं मिळून. वीस तासांची जीए असताना लायब्ररीत आणखी चार तास बसलात तर व्हिसाचा दर्जाच धोक्यात. सुट्टीत पूर्णवेळ चालतं. (कॅम्पसवर काम केल्याने ओपीटीचे, म्हणजे शिक्षणानंतरच्या कामाच्या परवानगीचे, महिने कमी होतात, अशीही एक अफवा आहे. होत नाहीत.)

गैरसमज: जीए म्हणजे झेरॉक्स काढणं.

ऑगस्टमध्ये आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयाबाहेर उभं राहून बघावं. रांग जिन्यापर्यंत आलेली, प्रत्येकाच्या हातात पासपोर्ट आणि विद्यापीठाने दिलेला आय-२० फॉर्म, आणि टेबलामागे गेल्याच वर्षी याच रांगेत उभा असलेला आपला एखादा मुलगा. कुणाच्या आय-२०वर नाव उलटं छापलंय, कुणाला सोशल सिक्युरिटी नंबरासाठी पत्र हवंय. पोरं रडकुंडीला आलेली असतात, आणि हा त्यांना खुर्ची देतो. त्याच्या स्क्रीनवर इतरांचे गुण आणि पत्ते उघडे असतात. १९७४च्या फर्पा कायद्यानुसार त्यातलं काही बाहेर बोलायचं नाही, अगदी रूममेटने "अरे, तिचा जीपीए किती?" विचारलं तरी. या मुलाला झेरॉक्सवाला म्हणणाऱ्यांनी एक सकाळ त्या खुर्चीत काढावी.

गैरसमज: प्रोफेसरांना शंभर ईमेल टाकले की काम होतं.

त्या ईमेलने मिळालीच तर आरए मिळते, तीही क्वचित. कार्यालयीन जागा प्रोफेसर देत नाहीत. त्या विद्यापीठाच्या नोकऱ्यांच्या पोर्टलवर निघतात, अर्ज आणि मुलाखत होते. तुमचा विभाग कोणता याच्याशी बऱ्याचदा देणंघेणं नसतं. आर्किटेक्चरची मुलगी करिअर सेंटरमध्ये असू शकते. पण आपली मुलं रेझ्युमेत पायथन आणि प्रोजेक्ट भरतात, आणि हॉस्टेलच्या मेसचं सेक्रेटरीपद, गॅदरिंगच्या वर्गणीचा हिशेब, मंडळाची पावतीपुस्तकं हे सगळं गाळून टाकतात. मुलाखत घेणाऱ्या बाईंना नेमकं तेच ऐकायचं असतं: दीडशे जणांच्या मेसमध्ये महिनाअखेर पैसे कमी पडले, तेव्हा तू काय केलंस?