शिडाच्या होडीसाठी डिझेल इंजिन कसं निवडायचं? हॉर्सपॉवरपेक्षा मोजपट्टी महत्त्वाची

फोन घेताना आपण काय करतो? दोन-चार मॉडेल निवडतो, रॅम, बॅटरी, किंमत समोरासमोर ठेवून बघतो आणि ऑर्डर टाकतो. होडीचं इंजिनही असंच घ्यायचं, असं मला वाटत होतं. थोडक्यात वाचलो.

नोकरीसाठी मी इंग्लंडमध्ये साउथम्प्टनला असतो. आम्ही चार मित्रांनी पैसे जमवून 26 फुटांची जुनी शिडाची होडी घेतली, वेस्टर्ली सेंटॉर. एकदा वारा पडला आणि नेमकं तेव्हाच इंजिन तापून बंद झालं. ओहोटी आम्हाला मोठ्या जहाजांच्या वाटेकडे ओढत होती. नांगर धरला म्हणून निभावलं. शिडाच्या होडीला इंजिन कशाला, हा प्रश्न तेव्हापासून आम्हाला पडलेला नाही.

नंतर उघडून पाहिलं तर सिलिंडर हेडला तडा गेलेला. म्हणजे नवं इंजिन, आणि खर्च काही हजार पौंड. चूक परवडणारी नव्हती.

ताकद किती हवी?

जुनं इंजिन 25 हॉर्सपॉवरचं होतं, म्हणून नवंही तेवढंच हवं, हा पहिला गैरसमज. अशा जड होडीच्या वेगाला तिच्या लांबीची मर्यादा असते. पाण्याला टेकलेल्या भागाची लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि 1.34 ने गुणा. सेंटॉरची ही लांबी सुमारे 21 फूट, म्हणजे उत्तर साधारण 6 नॉट (1 नॉट म्हणजे ताशी 1.85 किलोमीटर). त्यापुढे कितीही ताकद लावली तरी होडी फक्त मोठी लाट उठवते आणि डिझेल जाळते.

ढोबळ नियम असा की दर टन वजनामागे 4 ते 5 हॉर्सपॉवर पुरतात. आमची होडी 3 टनांची, म्हणजे 12 ते 15. इथल्या हर्स्ट कॅसलजवळच्या चिंचोळ्या भागात उधाणाच्या दिवसांत प्रवाह 4 नॉटच्या वर जातो. त्यासाठी थोडी जास्तीची ताकद धरली आणि 14 ते 20 हा पल्ला ठरवला.

मग इलेक्ट्रिक का नाही?

हा प्रश्न मीच विचारला होता. 5 नॉटने जायला आमच्या होडीला साधारण 4 किलोवॉट लागतात. 10 युनिटची लिथियम बॅटरी, म्हणजे पाचशेहून जास्त फोनच्या बॅटऱ्यांइतकी वीज, अडीच तासांत संपेल. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे 10 युनिट ऊर्जा असते. त्यातली पाऊण वाया गेली असं धरलं तरी 20 लिटरच्या एका कॅनमध्ये बारा तास निघतात. रोज धक्क्यावर परतून चार्जिंग करणाऱ्यांसाठी इलेक्ट्रिक उत्तम. आम्ही लांब जातो.

जागेत बसतं का?

खरा निर्णय इथे होतो. इंजिन दोन समांतर आधारांवर बसतं. त्या आधारांमधलं अंतर, शाफ्टच्या मध्यापासून त्यांची उंची, मागची गिअरबॉक्सची जागा आणि वरची झाकणाची उंची, ही चार मापं आधी घ्या. इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आले नाहीत तर थरथर होते, सील आणि बेअरिंग झिजतात. आधार नव्याने बांधायचे तर फायबरचं काम आलं, आणि स्वस्त वाटलेलं इंजिन महाग पडतं.

पंखा तोच चालेल का?

बहुधा नाही. जुनी इंजिनं संथ फिरायची, नवी छोटी डिझेल 3600 आरपीएमपर्यंत जातात. गिअरबॉक्स 2.6 ला 1 असेल तर शाफ्ट मिनिटाला साधारण 1385 वेळा फिरतो. पंख्याची पिच 8 इंच असेल, तर हिशोबाने वेग 9 नॉट येतो. पाण्यात पंखा घसरतो, त्यात 40 टक्के गेले असं धरलं तर 5.5 नॉट उरतात. आमच्यासाठी ठीक. पिच गरजेपेक्षा जास्त असेल तर इंजिन पूर्ण आरपीएम गाठत नाही आणि काळा धूर सोडतं. फिरण्याची दिशाही तपासा. ती उलटी असेल तर जुना पंखा पुढच्या गिअरमध्ये होडी मागे नेईल!

थंड कसं होतं?

आमच्या जुन्या इंजिनमधून थेट समुद्राचं पाणी फिरायचं. मीठ आणि गंज आतून खात राहतात. नव्या इंजिनमध्ये कूलंट आत बंद फिरतं आणि समुद्राचं पाणी फक्त हीट एक्स्चेंजरमधून जाऊन त्याला थंड करतं. यात तडजोड नको.

आम्ही काय घेतलं?

शेवटी यानमार 2वायएम15 आणि बीटा 16 उरली. दोन्ही दोन सिलिंडरची, दोन्ही चांगली. बीटाची इंजिनं कुबोटाच्या इंजिनवर आधारित असतात आणि कंपनी जुन्या आधारांच्या मापाचे पाय बनवून देते. आमचे आधार तोडावे लागणार नव्हते, म्हणून बीटा घेतलं. तुमच्या होडीत यानमार सरळ बसत असेल तर उत्तर उलटंही येईल.

होडी पाण्यात उतरल्यावर पहिली चाचणी पूर्ण थ्रॉटलची घ्या. कंपनीने सांगितलेला आरपीएम मिळाला आणि धूर काळा नसला, तर निवड जमली समजा. आणि नांगर नेहमी हाताशी ठेवा, इंजिन नवं असलं तरी.