व्ह्यूडेटा ते व्ह्यूमॉडेल

ट्रिग्वे रीन्सकाउग या नॉर्वेजियन संगणकतज्ज्ञाने १९७९मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात मॉडेल, व्ह्यू आणि कंट्रोलर ही विभागणी मांडली. त्या रचनेत पडद्यावरचा व्ह्यू हवे ते थेट मॉडेललाच विचारी. वेबवर ते जमणारे नव्हते. इथे विनंती येते, पान तयार होऊन ब्राउझरकडे जाते आणि काम संपते. त्यामुळे कंट्रोलरने व्ह्यूच्या हाती डेटा कसा द्यायचा, हे प्रत्येक फ्रेमवर्कला नव्याने ठरवावे लागले.

मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेट एमव्हीसीची पहिली आवृत्ती मार्च २००९मध्ये आली. तिच्यातला व्ह्यूडेटा म्हणजे एक डिक्शनरी: की म्हणून स्ट्रिंग, व्हॅल्यू म्हणून कोणताही ऑब्जेक्ट. व्ह्यूमध्ये तो कास्ट करून घ्यायचा. कीच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकले तरी कंपायलर गप्प. यादी हवी असेल तर लूप चालवताना पान कोसळे. नुसते नाव असेल तर तिथली जागा रिकामी राही. ही दुसरी चूक जास्त घातक, कारण ती आधी ग्राहकालाच दिसते.

जानेवारी २०११च्या तिसऱ्या आवृत्तीने व्ह्यूबॅग दिला. सी शार्प ४मधल्या डायनॅमिक प्रकारामुळे कास्टची कटकट गेली, कोड सुटसुटीत दिसू लागला आणि व्ह्यूबॅग सगळीकडे पसरला. आत मात्र तीच डिक्शनरी होती, आणि स्पेलिंगची चूकही तशीच निसटत होती. दिसणे सुधारले, भरवसा नाही.

टेम्पडेटाचे काम वेगळे. फॉर्म सेव्ह झाल्यावर रीडायरेक्ट होते आणि पुढच्या पानावर ‘नोंद जतन झाली’ असा संदेश दाखवायचा असतो, त्यासाठी तो आहे. पहिल्या आवृत्तीत तो फक्त पुढच्या विनंतीपर्यंत टिके. मधेच एखादी अजॅक्स विनंती गेली की संदेश गायब! दुसऱ्या आवृत्तीपासून तो वाचला जाईपर्यंत टिकू लागला, आणि ही दुरुस्ती खरोखर गरजेची होती.

ठरावीक प्रकारचे मॉडेल व्ह्यूला देण्याची सोय पहिल्या आवृत्तीपासूनच होती. त्या पानापुरता खास क्लास लिहायचा, तोच व्ह्यूमॉडेल. तरीही जुन्या प्रोजेक्टमध्ये वेगळी सेटिंग केली नसेल, तर व्ह्यू पान उघडल्यावरच कंपाइल होई आणि चूक तेव्हाच कळे. २०१८च्या एएसपी डॉट नेट कोअर २.१पासून रेझर व्ह्यू बिल्डच्या वेळीच कंपाइल होऊ लागले. प्रॉपर्टीचे नाव चुकले तर आता बिल्डच अडते. या सगळ्या प्रवासातला सर्वांत मोलाचा बदल हाच.

नव्या प्रोजेक्टच्या तयार साच्यात पानाचे शीर्षक अजूनही व्ह्यूडेटातूनच लेआउटकडे जाते, आणि तेवढ्यापुरते ते ठीक आहे. ग्राहकाचे नाव, बिलाची रक्कम, ड्रॉपडाउनची यादी मात्र व्ह्यूमॉडेलमध्येच ठेवावी.