काझाच्या आधी ताबोला मुक्काम

गाडीत मागच्या सीटवर ठेवलेलं इंदुरी शेवेचं पाकीट नाको गाव येईपर्यंत उशीसारखं टम्म फुगलं होतं. आईने ते उचलून सगळ्यांना दाखवलं, मी हवेच्या दाबावर एक छोटंसं लेक्चर दिलं आणि बाबा हसले. हाच दाब माणसांचं काय करतो, ते लेक्चर देणाऱ्याच्या डोक्यात तेव्हा आलं नाही.

आई, बाबा, बायको आणि मी, असे आम्ही चौघं सप्टेंबरमध्ये इंदूरहून आमच्याच गाडीने हिमाचलच्या स्पीती खोऱ्यात, काझाला निघालो होतो. बाबा वीज मंडळातून निवृत्त झालेत. वय 64, बीपीची एक गोळी, रोज सकाळी पाच किलोमीटर चालणं. हिमालय एकदा गाडीने बघायचा, ही त्यांची जुनी इच्छा. मला सुट्टी मिळाली दहा दिवसांची. मी एक्सेलमध्ये तासातासाचं वेळापत्रक केलं. सवय, दुसरं काय!

काझाला जायचे दोन रस्ते आहेत. एक मनालीकडून, अंतराने लहान, पण मनालीच्या साधारण 2,050 मीटरवरून कुंझुम खिंडीतून (4,551 मीटर) थेट काझाला नेणारा. दुसरा शिमल्याहून किन्नौरमार्गे, चारशे किलोमीटरच्या वर, पण हळूहळू चढत जाणारा. शिमला 2,200, कल्पा 2,960, ताबो 3,280 आणि मग काझा, सुमारे 3,650 मीटर. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची दिवसाला पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा डॉक्टरांचा सर्वसाधारण सल्ला असतो. ताबोचा मुक्काम धरला तर हा रस्ता त्या सल्ल्यात बरोबर बसतो. म्हणून तर मी तो निवडला होता. इथपर्यंत सगळं शहाणपणाचं.

रामपूरच्या पुढे दरड कोसळली होती. रस्ता मोकळा होईपर्यंत संध्याकाळ झाली आणि आमचा एक दिवस गेला. बाबांना त्याचं काहीच वाटलं नाही. त्याआधी झाकरीला त्यांनी गाडी थांबवायला लावली होती. नाथपा-झाकरीचं 1,500 मेगावॉटचं वीजघर तिथे आहे. सतलजचं पाणी वर नाथपाला अडवून सत्तावीस किलोमीटर लांब बोगद्यातून तिथे आणलंय. रस्त्याकडेला उभं राहून त्यांनी ते सगळं आईला समजावून सांगितलं. नोकरीतली चाळीस वर्षं एका दमात आठवावीत, असा चेहरा झाला होता. त्यांच्याजवळ एक छोटी वही असते. किलोमीटर, पेट्रोल, खर्च असं सगळं त्यात जातं. झाकरीची पण नोंद झाली.

त्या रात्री मी वेळापत्रकातली एक ओळ उडवली. ताबो मुक्काम. कल्पाहून एकदम काझा, दोनशे किलोमीटर, त्यात काय! गेलेला दिवस भरून निघणार होता.

रस्ता खरंच बघण्यासारखा आहे. तरंडा ढांकला कड्याच्या पोटात कोरलेल्या वाटेवरून जाताना वर खडक, खाली सतलज. तिथल्या देवीच्या देवळापुढे बहुतेक गाड्या थांबतात, आम्हीही थांबलो. खाबला सतलज आणि स्पीती नद्या मिळतात. तिथून पुढे हिरवं संपतं आणि गाडी नाकोच्या वळणांवर चढायला लागते. आमची साधी पेट्रोल गाडी, टर्बो नाही. अशा इंजिनाची ताकद दर हजार मीटरला अंदाजे दहा टक्क्यांनी उतरते, कारण त्याला हवाच कमी मिळते. नाकोच्या आधी एका वळणावर पहिला गियर टाकावा लागला. वरून लष्कराचा ट्रक आला, त्याने थांबून आम्हाला वाट दिली. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, हा नियम तिथे अजून पाळतात.

काझाला पोचलो तेव्हा चार वाजले होते. ऊन छान होतं. हॉटेलवाला म्हणाला, आज आराम करा. मी म्हटलं, सूर्यास्ताला लांग्झा गाठू. लांग्झा 4,400 मीटरवर आहे. एक मोठी बुद्धमूर्ती, मागे बर्फाचं शिखर, फोटो तुम्ही पाहिले असतील. बाबा गप्प होते. दमले असतील असं वाटलं. मूर्तीजवळ आमचे फोटोही त्यांनीच काढले.

रात्री ते जेवले नाहीत. अकराच्या सुमारास आईने दार वाजवलं. बाबांना दोन उलट्या झाल्या होत्या, डोकं फुटेल असं दुखत होतं. करोनात घेतलेला ऑक्सिमीटर बायकोने बॅगेत टाकला होता, माझ्या यादीत तो नव्हता. माझा आकडा 88. बाबांचा 74. काझाच्या हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशही नाही. हवेत ऑक्सिजन 21 टक्केच असतो, पण दर श्वासात हाती कमी लागतो. पुस्तकी माहिती सगळी होती माझ्याकडे.

हॉटेलवाल्याने स्वतः गाडी काढून आम्हाला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे ऑक्सिजन लावला, औषध दिलं. डॉक्टरांनी बाबांना सरळ रेषेत चालून दाखवायला सांगितलं. तोल जात असता तर प्रकरण मेंदूपर्यंत गेलं असतं, असं त्या नंतर म्हणाल्या. तोल गेला नाही. उजाडल्याबरोबर खाली उतरा, एवढंच त्यांनी सांगितलं.

खाली म्हणजे कुठे, हा प्रश्न नकाशा उघडल्यावर कळला. मनालीकडे जायचं तर कुंझुम चढायचं. किन्नौरकडे जायचं तर नाको पुन्हा काझाएवढंच उंच. काझातून दोन्हीकडच्या रस्त्यावर फार खाली जाण्याआधी वर चढावंच लागतं. मधे उतरून थांबता येईल अशी सोयीची जागा एकच, पन्नासेक किलोमीटरवरचं ताबो. मी वेळापत्रकातून उडवलेलं.

साडेपाचला निघालो. बायको मागे बाबांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मी चाळीसच्या वर गेलो नाही. ताबो काझापेक्षा जेमतेम पावणेचारशे मीटर खाली, पण दुपारपर्यंत आकडा 84 वर आला आणि बाबांनी भात मागितला. तिथे दोन रात्री राहिलो. इ. स. 996 मध्ये बांधलेला तिथला मठ मातीच्या भिंतींचा आहे. आतल्या अंधारात हजार वर्षांची भित्तिचित्रं आहेत, फोटो काढू देत नाहीत. दुसऱ्या दिवशी बाबा तिथे तासभर बसले. आल्यावर म्हणाले, "अरे, वायरिंग किती जपून केलंय, भिंतीला धक्का नाही."

चंद्रताल, कुंझुम, मनाली, सगळं रद्द केलं. ऑफिसात एक दिवस वाढवून मागितला. नाको थांबे न घेता ओलांडलं.

कल्पाला गाडीचा ॲव्हरेज काढायला मी बाबांची वही उघडली. काझाच्या दिवसाची नोंद होती. किलोमीटर 203, पेट्रोल, चहा चार. खाली बारीक अक्षरात: "3.30, डोके दुखते. मळमळ." म्हणजे लांग्झाच्या आधी.

"बाबा, हे तेव्हाच का नाही बोललात?"

"तुझा आधीच एक दिवस वाया गेला होता ना."

मला काही बोलता आलं नाही. मी ॲव्हरेज काढला, पंधरा पडला.

आई-वडिलांना घेऊन जाणार असाल तर ताबोचा मुक्काम उडवू नका, सुट्टी कमी असेल तर काझाच उडवा. डायमॉक्स घ्यायची की नाही ते निघण्याआधीच आपल्या डॉक्टरांना विचारा. संध्याकाळी प्रत्येकाला, "बरं आहे ना?" असं नाही, तर डोकं दुखतंय का, जेवण किती गेलं, असं नेमकं विचारा. "बरं आहे ना?" या प्रश्नाचं उत्तर आमच्या घरात तरी ठरलेलं आहे.

बाबा आता चंद्रतालचं म्हणतायत. आई म्हणते, आधी नैनिताल.